गाठीचं कूळ, घामाचं मूळ

आमच्या सोसायटीतले एक काका दोन रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आले. खांद्यावर वाटाण्याएवढी गाठ होती. वर्षानुवर्षं तशीच होती, मग जरा वाढल्यासारखी वाटली म्हणून काढून टाकली. पहिल्या लॅबने लिहिलं होतं 'क्लिअर सेल हायड्रॅडिनोमा'. मुलाच्या आग्रहाखातर तीच स्लाइड दुसरीकडे दाखवली, तिथून उत्तर आलं 'एक्राइन अ‍ॅक्रोस्पायरोमा'.

"डॉक्टर, गाठ एकच आणि आजार दोन? आता खरं कोणाचं धरायचं?"

मी म्हटलं, "काका, दोघांचंही. दोन्ही नावं एकाच गाठीची आहेत."

काकांचा चेहरा सांगत होता की पॅथॉलॉजिस्ट मंडळी एकमेकांना सांभाळून घेतात असा त्यांचा समज झालाय. तसं नाही. त्वचेतल्या घर्मग्रंथींच्या गाठींना काय म्हणायचं यावर आम्ही साठ-सत्तर वर्षं एकमेकांशी भांडतो आहोत, आणि काकांच्या हातातले दोन कागद हे त्या भांडणाचेच अवशेष होते. या एकाच गाठीला निरनिराळ्या काळात नोड्युलर हायड्रॅडिनोमा, सॉलिड-सिस्टिक हायड्रॅडिनोमा अशीही नावं पडली आहेत. १९५२ साली तर तिला 'क्लिअर सेल मायोएपिथेलिओमा' म्हटलं गेलं, म्हणजे तिचं नातं भलत्याच पेशींशी जोडलं गेलं.

भांडण समजायचं तर आधी घाम समजायला हवा. आपल्या अंगावर अंदाजे २० ते ४० लाख घर्मग्रंथी असतात. त्यातल्या बहुतेक सगळ्या एक्राइन जातीच्या. त्वचेच्या आतल्या थरात चकलीसारखं वेटोळं, तिथून वर येणारी बारीक नळी, आणि ती थेट त्वचेच्या पृष्ठभागावर उघडते. तळहात-तळपायांवर त्यांची सर्वांत दाटी. मे महिन्यात अंगातून निथळतो तो घाम यांचाच, आणि परीक्षेच्या हॉलमध्ये पेन निसटतं तेही यांच्यामुळेच.

दुसरी जात अपोक्राइन. ही काखेत, जांघेत, स्तनाग्राभोवती असते, वयात येईपर्यंत गप्प असते आणि तिची नळी पृष्ठभागावर न येता केसाच्या खळग्यात उघडते. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तीच महत्त्वाची ठरणार आहे. गर्भात केस, त्याच्या शेजारची तैलग्रंथी आणि अपोक्राइन ग्रंथी ही तिन्ही एकाच कोंबातून फुटतात. एकाच वाड्यातली सख्खी भावंडं म्हणा. एक्राइन ग्रंथीचं घर वेगळं. ती वरच्या त्वचेतून स्वतंत्रपणे खाली उतरते, केसाशी तिचा संबंध नाही.

ही नावं रूढ केली १९२२ मध्ये शीफरडेकर नावाच्या जर्मन शरीररचनातज्ज्ञाने. अपोक्राइन पेशी स्राव सोडताना आपल्या माथ्याचा तुकडाच सोडून देते, असं त्याला सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं. आमच्या भाषेत आजही याला 'डिकॅपिटेशन', म्हणजे शिरच्छेद म्हणतात. हा शब्द रिपोर्टमध्ये वाचून घाबरलेले पेशंट मी पाहिले आहेत. शिर फक्त पेशीचं जातं, निश्चिंत असा.

आता गाठ. पॅथॉलॉजीची जुनी रीत अशी, की गाठीतल्या पेशी शरीरातल्या ज्या पेशींसारख्या दिसतात त्यांचं आडनाव गाठीला लावायचं. चरबीसारख्या दिसल्या की लायपोमा, संपला विषय. त्याच रीतीने घामाच्या गाठींचे दोन कप्पे झाले, एक्राइन आणि अपोक्राइन.

कप्पे मांडले खरे, पण त्यात गाठी नेमक्या बसेनात. घर्मग्रंथीचे दोन भाग असतात, स्राव तयार करणारं वेटोळं आणि तो वाहून नेणारी नळी. दोन्ही जातींची वेटोळी मायक्रोस्कोपखाली सहज वेगळी ओळखू येतात. नळ्या मात्र हुबेहूब सारख्या: दोन थर पेशी, मधे पोकळी. घर्मग्रंथींच्या बहुतेक गाठी नक्कल करतात ती नळीची. म्हणजे ज्या भागावरून जात कळते तो भाग गाठीत नसतोच, आणि जो असतो त्यावरून जात कळत नाही. घराच्या पाण्याच्या पाइपाचा तुकडा हातात घेऊन पाणी विहिरीचं की नगरपालिकेचं हे सांगण्यातला प्रकार.

शिवाय 'सारखी दिसते' आणि 'त्यातून निघाली' या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सोलापूरच्या माणसाचा चेहरा नागपूरच्या कोणाशी जुळला म्हणून ते चुलतभाऊ ठरत नाहीत. गाठीतली पेशी एक्राइन नळीसारखी वागत असेल, पण ती एक्राइन नळीतूनच निघाली असं त्यावरून सिद्ध होत नाही. आमच्या पुस्तकांनी कितीतरी वर्षं या दोन गोष्टींची सरमिसळ केली. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. आम्ही दोन्ही शोधायला निघालो, आणि तेही काचेवरच्या काही मायक्रोन जाडीच्या चकतीत.

१९६०च्या दशकात वाटलं होतं की आता निकाल लागेल. दोन्ही ग्रंथींमधली एन्झाइम्स थोडी वेगळी असतात, तेव्हा गाठीतली एन्झाइम्स रंगवून पाहायची आणि जात ठरवायची. या तपासण्यांवरून बऱ्याच गाठी 'एक्राइन' ठरल्या आणि तसं पुस्तकांत छापूनही आलं. पण ही तपासणी ताज्या, गोठवलेल्या ऊतीवर करावी लागते. रोजच्या कामात गाठ फॉर्मालिनमध्ये पडून येते आणि फॉर्मालिनमध्ये यातली बरीचशी एन्झाइम्स निकामी होतात. म्हणजे निकाल थोड्या गाठींवरून लागला आणि लागू झाला सगळ्यांना. पुढे अँटिबॉडी लावून रंगवायच्या तपासण्या आल्या. त्यांचा इतर कामांत प्रचंड उपयोग झाला, पण एक्राइन की अपोक्राइन हे खात्रीने सांगणारी एकही अँटिबॉडी हाती आली नाही.

पोरोमाची गोष्ट या सगळ्याचा नमुना आहे. १९५६ साली गोल्डमन, पिंकस आणि रोगिन या अमेरिकी डॉक्टरांनी तळपायावर आढळणाऱ्या एका गाठीचं वर्णन केलं. लालसर, ओलसर, सहज रक्त येणारी. एक्राइन नळी वरच्या त्वचेतून जाताना जो शेवटचा तुकडा असतो त्याच्या पेशींसारख्या पेशी यात दिसत होत्या, म्हणून नाव दिलं 'एक्राइन पोरोमा'. युक्तिवाद बिनतोड वाटत होता, कारण तळपायावर केस नसतात, मग अपोक्राइन ग्रंथी येणार कुठून? हे नाव पक्कं झालं.

मग लोकांना तशाच गाठी डोक्यावर, मानेवर, पाठीवर दिसू लागल्या. काहींमध्ये तैलग्रंथीच्या पेशी सापडल्या, काहींमध्ये केसाच्या मुळासारखी रचना. एक्राइन ग्रंथीच्या घरात तेल आणि केस आले कुठून? आलेच असतील तर ते वाड्यातल्या भावंडांकडून, म्हणजे गाठ अपोक्राइन बाजूची असणार. तेव्हापासून 'एक्राइन पोरोमा' आणि 'अपोक्राइन पोरोमा' अशी दोन नावं चालू लागली, आणि तळपायावरची गाठ नेमकी कोणाची हा वाद चिघळत राहिला.

या वादातला सर्वांत मोठा आवाज न्यूयॉर्कच्या बर्नार्ड अ‍ॅकरमन यांचा. त्वचेच्या पॅथॉलॉजीत त्यांच्याइतका भांडखोर आणि त्यांच्याइतका तीक्ष्ण नजरेचा माणूस विरळा. २००८ मध्ये ते गेले. रेकेना आणि किर्यू यांच्यासोबत १९९८ साली त्यांनी अपोक्राइन गाठींवर एक जाडजूड पुस्तक काढलं. त्याचा सूर असा, की पिढ्यान् पिढ्या 'एक्राइन' म्हणून शिकवलेल्या कितीतरी गाठी प्रत्यक्षात अपोक्राइन आहेत. केस, तेल आणि घाम एकत्र दिसला की ती एकाच कोंबाची लेकरं समजा. माझं मत विचाराल तर दिशा त्यांची बरोबर होती. ठामपणा मात्र पुराव्याच्या बराच पुढे धावत होता. 'एक्राइन'चा कप्पा जवळजवळ रिकामा करून सगळं 'अपोक्राइन'मध्ये ओतलं तरी दिसण्यावरून कूळ ठरवायची मूळ सवय तशीच राहते, फक्त आडनाव बदलतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या त्वचा-गाठींच्या २००६ सालच्या वर्गीकरणाने यातून एक व्यवहारी वाट काढली. दोन्ही कप्पे मिळून एकच शीर्षक केलं, 'अपोक्राइन आणि एक्राइन छटा असलेल्या गाठी'. २०१८च्या आवृत्तीतही तेच धोरण राहिलं. भावकीचा वाद मिटत नसेल तर सातबाऱ्यावर दोघांची नावं चढवतात, तसं. काकांच्या दुसऱ्या रिपोर्टातला 'एक्राइन' शब्द हा या तडजोडीच्या आधीच्या शिकवणीतून आला होता, आणि तो लिहिणाऱ्याने काही गुन्हा केला नव्हता.

मग जनुकांचा काळ आला आणि खरी गंमत सुरू झाली.

१८४२ मध्ये इंग्लंडमधल्या अँसेल नावाच्या डॉक्टरने डोक्यावर गुच्छाने वाढणाऱ्या गाठींचं वर्णन केलं होतं. वाढून वाढून त्या सगळं डोकं व्यापतात, फेटा बांधल्यासारखं दिसतं, म्हणून पुढे इंग्रजीत त्यांना 'टर्बन ट्यूमर' म्हणू लागले. शास्त्रीय नाव सिलिंड्रोमा. काही घराण्यांत हा आजार पिढ्यान् पिढ्या दिसतो, आईला किंवा वडिलांना असला तर प्रत्येक मुलाला पन्नास टक्के शक्यता. पण त्याच घराण्यांत, पुष्कळदा त्याच माणसाच्या अंगावर, आणखी दोन प्रकारच्या गाठी सापडतात. एक स्पायरॅडिनोमा, जिला १९५६ पासून 'एक्राइन' म्हणत आले. दुसरी ट्रायकोएपिथेलिओमा, जी केसाच्या मुळाची म्हणून गणली जाते. पुस्तकात या तिघी तीन वेगवेगळ्या प्रकरणांत बसलेल्या. २००० साली या आजाराचं जनुक सापडलं, त्याचं नाव सीवायएलडी. तिन्ही गाठींच्या मुळाशी तेच एक. म्हणजे तीन कप्प्यांत ठेवलेल्या तीन गाठी निसर्गाच्या हिशेबात एकाच घरच्या निघाल्या. काही वेळा तर एकाच गाठीत अर्धा भाग सिलिंड्रोमा आणि अर्धा स्पायरॅडिनोमा दिसतो. त्याला आम्ही 'स्पायरॅडिनोसिलिंड्रोमा' असं रेल्वेच्या डब्यांसारखं नाव देऊन मोकळे झालो.

पोरोमाच्या बाबतीत २०१९ मध्ये जपानी संशोधकांना आढळलं, की बहुतेक पोरोमांमध्ये वायएपी१ नावाचं जनुक तुटून दुसऱ्या एका जनुकाला चिकटलेलं असतं. पोरोमाचा कॅन्सर झालेलं रूप म्हणजे पोरोकार्सिनोमा, त्यातही हाच जोड पुष्कळदा दिसतो. गाठ ओळखायला यामुळे एक नवी, भक्कम खूण मिळाली. एक्राइन की अपोक्राइन, या प्रश्नाला मात्र जनुकाने उत्तर दिलं नाही. खरं तर त्याला तो प्रश्न पडलेलाच दिसत नाही.

आणि काकांची हायड्रॅडिनोमा? तिच्यातही अशीच मोडतोड सापडते. साधारण निम्म्या गाठींत सीआरटीसी१ आणि एमएएमएल२ ही दोन जनुकं जोडली गेलेली असतात. हाच जोड लाळग्रंथीच्या एका कॅन्सरमध्ये आढळतो, म्युकोएपिडर्मॉइड कार्सिनोमात. तोच जोड, तेच दोन तुकडे. लाळग्रंथीत त्याचा अर्थ कॅन्सर आणि खांद्याच्या त्वचेत बहुतेक वेळा निरुपद्रवी गाठ. जनुक हाती आलं की वर्गीकरणाचे सगळे प्रश्न सुटतील असं ज्यांना वाटतं त्यांना मी हे उदाहरण देतो. गाठ कुठे आहे, कशी वाढते आहे, तिच्या कडा कशा आहेत हे पाहिल्याशिवाय नुसता जनुकाचा रिपोर्ट हातात धरून कोणाला कॅन्सर आहे असं सांगणं धोक्याचं.

इथवर वाचून कोणी म्हणेल, हा सगळा पंडितांचा खेळ, पेशंटला त्याचं काय? एक्राइन-अपोक्राइनपुरतं ते बरोबरच आहे. हायड्रॅडिनोमाला काहीही म्हणा, उपाय एकच: पूर्ण काढून टाकणं. पण याच कुटुंबात असेही मतभेद आहेत जिथे नावावरून बोट राहतं किंवा जातं. हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही.

हाताच्या बोटांवर, क्वचित पायाच्या बोटांवर, घर्मग्रंथीची एक गाठ होते. १९८७ मध्ये अमेरिकी पॅथॉलॉजिस्टांनी अशा गाठींचे दोन गट पाडले. पेशी सौम्य दिसतात ती 'अ‍ॅडिनोमा', म्हणजे साधी, आणि पेशी बिघडलेल्या दिसतात ती 'अ‍ॅडिनोकार्सिनोमा', म्हणजे कॅन्सर. पद्धत शिस्तशीर होती. पण पुढच्या काळात 'साधी' ठरलेल्या काही गाठी फुप्फुसात पोहोचल्या. २००० साली ६७ रुग्णांचा नव्याने आढावा घेतला गेला आणि निष्कर्ष निघाला की नुसत्या दिसण्यावरून कोणती गाठ पसरेल हे सांगता येत नाही. तेव्हा सगळ्यांनाच कॅन्सर समजा. एका दिवसात 'साधी' हा कप्पा रद्द झाला. काही पेशंटांच्या बाबतीत याचा अर्थ पुन्हा ऑपरेशन, जास्त खोल काढणं, कधी बोटाचं पेर गमावणं आणि वर्षानुवर्षं छातीचे फोटो, असा झाला. मग २०२२ मध्ये आणखी एक वळण आलं. या गाठींमध्ये एचपीव्ही ४२ हा विषाणू सापडला, जो तोवर निरुपद्रवी विषाणूंच्या यादीत होता. म्हणजे गाठीचं वर्गीकरण बदललं तसं विषाणूचंही बदलायची वेळ आली.

उलट दिशेचं उदाहरणही आहे. चाळणीसारखी छिद्रं दिसणारी एक लहान गाठ, 'क्रिब्रिफॉर्म कार्सिनोमा' नावाने ओळखली जायची. नावात कॅन्सर, पण ती शरीरात दुसरीकडे पसरल्याची उदाहरणं काही सापडेनात. अखेर तिच्या नावातला 'कार्सिनोमा' काढून नुसतं 'ट्यूमर' म्हणावं असा आग्रह धरला गेला. एका शब्दाने विम्याचा फॉर्म बदलतो, घरातली झोप बदलते.

तिसरं उदाहरण सर्वांत फसवं. ओठाच्या वर किंवा गालावर एक कडक, चपटा, व्रणासारखा चट्टा असतो. वर्षानुवर्षं दुखत नाही, फार तर बधिर वाटतं. वरवरची बायॉप्सी घेतली तर त्यात छोट्या नळ्या आणि केराटिनच्या, म्हणजे केसा-नखांत असतं त्या प्रथिनाच्या, छोट्या गाठोड्या दिसतात आणि रिपोर्ट येतो 'सिरिंगोमा', पापणीखाली पुष्कळ बायकांना असतात त्या निरुपद्रवी पुळ्यांसारखा. खोल बायॉप्सी घेतली असती तर दिसलं असतं की त्याच नळ्या खाली स्नायूपर्यंत उतरल्या आहेत आणि नसांच्या कडेकडेने चालल्या आहेत. हा मायक्रोसिस्टिक अ‍ॅडनेक्सल कार्सिनोमा, त्याचं वर्णन १९८२ साली झालं. त्यात घामाची नळीही दिसते आणि केसाच्या मुळाची छटाही, म्हणून नाव देणाऱ्यांनी बाजू न घेता 'अ‍ॅडनेक्सल', म्हणजे त्वचेच्या उपांगांचा, असा शब्द वापरला. मला तो शहाणपणाचा वाटतो. इथे वाद कुळाचा नसतो, खोलीचा असतो. चेहऱ्यावर खूण राहील म्हणून पातळ काप काढायचा मोह होतो, आणि त्या पातळ कापावर जगातला सर्वोत्तम पॅथॉलॉजिस्टही फसू शकतो.

आणि एक प्रश्न असा आहे की त्यापुढे बाकी सगळे फिके. काखेत गाठ आहे, ती अपोक्राइन कॅन्सरसारखी दिसते आहे. ती घर्मग्रंथीची की स्तनातून पसरलेली? स्तनग्रंथी ही घर्मग्रंथीचीच जवळची नातेवाईक मानली जाते, त्यामुळे दोन्हीकडचे कॅन्सर मायक्रोस्कोपखाली जुळ्या बहिणींसारखे दिसतात. स्तनाच्या कॅन्सरच्या म्हणून ज्या तपासण्या आपण करतो, हार्मोन रिसेप्टर वगैरे, त्या इथेही पॉझिटिव्ह येऊ शकतात. कडेच्या पेशींचा शाबूत थर सापडला तर ती इथलीच असण्याकडे कल जातो. थर नसला तर उत्तर काचेवर मिळत नाही. मॅमोग्राफी, स्कॅन, जुने ऑपरेशनचे कागद, हातांनी नीट केलेली तपासणी, यावर ते ठरतं. रिपोर्टमध्ये 'क्लिनिकल कोरिलेशन सुचवले आहे' असं लिहिलेलं असतं त्याची लोक चेष्टा करतात. अशा गाठीत ते वाक्य जबाबदारी झटकण्यासाठी नसतं. तपासणाऱ्या डॉक्टरच्या हातात जी माहिती आहे ती पॅथॉलॉजिस्टकडे खरोखरच नसते.

काकांना मी रिपोर्टवरच्या नावाखाली बोट ठेवायला सांगितलं नाही. दोन ओळी खाली ठेवायला सांगितलं. तिथे दोन्ही लॅबनी कापून काढलेल्या तुकड्याच्या कडांबद्दल लिहिलं होतं. एकीने 'कडा मोकळ्या', दुसरीने 'खालची कड गाठीला चिकटून'. नावांतला फरक नावापुरता होता, हा फरक खरा होता. हायड्रॅडिनोमा थोडी जरी मागे राहिली तरी त्याच जागी पुन्हा येते, आणि क्वचित कधी तिचं कॅन्सरमध्ये रूपांतर होतं. दुसऱ्या लॅबकडे फक्त काच गेली होती, काढलेली गाठ ज्यात बसवून ठेवतात तो मेणाचा ठोकळा, म्हणजे ब्लॉक, पहिल्या लॅबमध्येच होता.

"ब्लॉक मागून घ्या," मी म्हटलं, "त्यातून आणखी काप काढून खालची कड पुन्हा बघू."

"ते देतात का?"

"अर्ज दिला की देतात, तुमचाच आहे तो. आणि फ्रिजमध्ये ठेवायची गरज नाही. पण उन्हातल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण आहे ते."